पाच दिवसांचा मुक्तिदाता

सप्टेंबरच्या सतरा तारखेला आमच्या धर्माबादेत शाळाशाळांतून झेंडावंदन होते आणि त्यानंतर भाषणे होतात. भाषणे ठरलेली असतात. त्यांत कासीम रझवी येतो, रझाकार येतात, सरदार पटेल येतात आणि शेवटी रणगाड्यावर बसून जनरल चौधरी येतात. 'अवघ्या पाच दिवसांत निजामाचा माज उतरवला!' असे वक्ता म्हणतो, पोरे टाळ्या वाजवतात, खाऊ वाटला जातो आणि मराठवाडा पुन्हा एकदा मुक्त होतो. गेली वीस वर्षे मास्तर या नात्याने मी या टाळ्यांत सामील आहे. काही वर्षी तर भाषणही माझेच होते. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातला निम्मा आरोप माझ्यावरच आहे, असे वाचकांनी खुशाल समजावे.

दोन वर्षांपूर्वी असेच भाषण करून मी वर्गात आलो, तर पाचवीतला एक मुसलमान मुलगा उभा राहिला. अभ्यासात बरा, बोलायला कमी. म्हणाला, "गुरुजी, तवा आमचे लोक कोणीकडून होते?" मास्तर लोक अडचणीत सापडले की जे करतात तेच मी केले. "पुढच्या तासाला सांगतो," म्हणालो. तो पुढचा तास यायला दोन वर्षे लागली. यंदाच्या सतरा तारखेला मी भाषणात जनरलसाहेबांना थोडे बाजूला बसवले आणि त्यांच्या आधी काय झाले व त्यांच्या नंतर काय झाले हे दोन्ही सांगितले. खाली उतरल्यावर एका सद्गृहस्थांनी मला कोपऱ्यात घेतले. "सणाच्या दिवशी हे कशाला, गुरुजी? लष्कराचा अपमान होतो. आणि रझाकारांनी काय केले ते विसरलात वाटते?" त्यांचे तीनही प्रश्न मी घरी घेऊन आलो. भाषणात दहा मिनिटे मिळतात. दिवाळी अंकात जरा जास्त जागा मिळते.

आधी त्या जनरलसाहेबांची नीट ओळख करून घेऊ. कारण ज्यांच्या नावाने आम्ही टाळ्या वाजवतो ते गृहस्थ कोण, हे आमच्यातल्या शंभरांतल्या नव्वदांना ठाऊक नाही. जयंतनाथ चौधरी हे बंगाली. जन्म १९०८. घराणे जमीनदारांचे आणि बॅरिस्टरांचे. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे आईकडून आजोबा. शिक्षण कलकत्त्यात, मग लंडनला, मग सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात. १९२८ साली ते अधिकारी झाले, म्हणजे ज्या काळी गोऱ्या साहेबाच्या मेसमध्ये काळा अधिकारी बोटांवर मोजण्याइतका असे त्या काळी. दुसऱ्या महायुद्धात ते आफ्रिकेत लढले. पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेत सोळाव्या लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. मित्र त्यांना 'मुचू' म्हणत. १९४८ साली ते पहिल्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख झाले, तेव्हा वय चाळीस. आज माझे वय तेवढेच काहीसे आहे आणि माझ्या हाताखाली सातवीची एक तुकडी आहे. म्हणून त्यांच्या कर्तबगारीबद्दल मला असूया नसली तरी कौतुक जरूर आहे. मनुष्य हुशार होता, शिस्तीचा होता, आणि त्याच्या अंगी रुबाब होता. यात वाद नाही.

वाद आहे तो 'मुक्तिदाता' या शब्दाशी.

हैदराबादवर जी कारवाई झाली तिचा आराखडा चौधरींनी आखलेला नव्हता. तो दक्षिण विभागाचे त्या वेळचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोडार्ड या इंग्रज सेनानीने आखला होता. प्रत्यक्ष कारवाईच्या वेळी दक्षिण विभागाचे प्रमुख होते महाराज राजेंद्रसिंहजी, आणि चौधरी त्यांच्या हाताखाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सोलापूरच्या बाजूने चौधरींची डिव्हिजन निघाली. पूर्वेला बेझवाड्याकडून जनरल रुद्रांची फौज निघाली. औरंगाबाद-जालन्याकडून आणखी तुकड्या आत शिरल्या. सोलापूरचा मार्ग मुख्य होता हे खरे. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, मग उमरगा, राजेश्वर, जहीराबाद. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेला त्याचे सेनापती अल् इद्रूस यांनी चौधरींच्या स्वाधीन आपली फौज केली. ज्या फौजेकडे ना धड विमाने, ना पुरेशा तोफा, ना लढण्याची इच्छा, तिच्यावर रणगाड्यांच्या डिव्हिजनने पाच दिवसांत जय मिळवला. कामगिरी चोख होती. मात्र चोख कामगिरी आणि महापराक्रम यांत फरक असतो, हे कोणताही प्रामाणिक सैनिक तुम्हाला सांगेल. लष्कराचा अपमान होतो तो लष्कराबद्दल बढाया मारल्याने. त्याचे काम मोजून सांगितल्याने नव्हे.

आणि त्या कारवाईचे नाव तरी काय? 'पोलीस ॲक्शन'! पोलीस रणगाडे घेऊन येत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेलेली होती. दोन राष्ट्रांचे युद्ध चालू आहे असे कुणी म्हणू नये म्हणून सरकारला तो शब्द सोयीचा होता. सरकारचे ते मी समजू शकतो. आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मात्र तो शब्द उचलला आणि त्याचे पंचांग केले. माझे आजोबा जन्म, लग्न, दुष्काळ, सगळे त्याच शब्दाने मोजत: पोलीस ॲक्शनच्या आधीचा, पोलीस ॲक्शनच्या नंतरचा. शब्द असा रूढ झाला की त्याच्या आत काय आहे हे उघडून बघायची गरजच कुणाला वाटेना.

तेव्हा उघडून बघू. सोलापूरहून रणगाडे निघाले त्याच्या तेरा महिने आधीपासून आमच्या मुलखात लढा चालू होता. स्टेट काँग्रेसने १९४७ च्या ऑगस्टमध्ये तो पुकारला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. सरहद्दीपलीकडे, त्या वेळच्या मध्यप्रांताच्या आणि मुंबई इलाख्याच्या हद्दीत, छावण्या पडल्या. कालपर्यंत गावात वकिली करणारे, शाळेत शिकवणारे, दुकानात मापे टाकणारे लोक तिथे बंदुका चालवायला शिकले. त्यांच्यातल्या बहुतेकांना त्याआधी साप मारायचाही सराव नव्हता. आमच्या शेजारच्या बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे मारले गेले ते १९४६ साली, म्हणजे चौधरींची बदली चिलखती डिव्हिजनवर व्हायच्या कितीतरी आधी. आणि आमच्याच रेल्वेलाईनीवरचे उमरी घ्या. ३० जानेवारी १९४८, दिल्लीत ज्या संध्याकाळी गांधीजींचा खून झाला तोच दिवस. सरहद्दीवरून आलेल्या स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची सरकारी बँक फोडली आणि लाखोंची रक्कम लढ्याच्या कामी नेली. निजामाच्या पोलिसांची, लष्कराची, रझाकारांची सगळी दहशत असताना, मीटरगेज गाडी जिथे थांबत असे तिथल्या भर वस्तीत हे घडले. आज उमरीवरून जाणारा प्रवासी खिडकीतून शेंगा घेतो आणि पुढे जातो. त्याला त्या बँकेविषयी सांगायला कुणी नाही.

या माणसांचा हिशोब आमच्या भाषणात दोन वाक्यांत संपतो आणि जनरलसाहेबांचा रणगाडा अर्धा तास चालतो. का? कारण छावणीतल्या माणसांची गोष्ट सांगायला अवघड आहे. त्यांच्यात भांडणे होती, काहींनी चुका केल्या, काहींच्या हातून अत्याचारही झाले, काही थकून घरी परतले. जनरलची गोष्ट सरळ: तो आला, त्याने पाहिले, निजाम पडला. तयार मुक्ती मिळाली की माणसाला स्वतः काही केल्याचे ओझे राहत नाही; आणि काही न केल्याची लाजही.

आता त्या सद्गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रझाकारांनी जे केले ते मी विसरलेलो नाही. कासीम रझवी काही आकाशातून पडला नव्हता. तो आमच्याच लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी गावे जाळली, बायकांची विटंबना केली, बिदर जिल्ह्यात गोरट्याला १९४८ च्या मे महिन्यात जो नरसंहार केला त्याच्या आठवणीने तिथले लोक आजही थरारतात. हे सगळे शाळेत सांगितलेच पाहिजे आणि मी सांगतो. माझा सवाल पुढचा आहे. १८ सप्टेंबरला रझाकार संपले. मग आमच्या चार जिल्ह्यांत पुढचे काही आठवडे कोण कुणाला मारीत होते?

हा प्रश्न माझा नाही. तो भारत सरकारच्या सांगण्यावरून त्याच वर्षी विचारला गेला होता. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांची समिती २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानभर हिंडली. तिच्या अहवालाने मारल्या गेलेल्या मुसलमानांचा जो अंदाज दिला तो कमीत कमी सत्तावीस हजार, जास्तीत जास्त चाळीस हजार. सर्वांत अधिक हानी झालेले जिल्हे म्हणून त्याने चार नावे घेतली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून निदान अठरा हजार. लातूर शहराबद्दल त्यात लिहिले आहे की वीस दिवसांहून अधिक काळ तिथे कत्तल चालली. सुमारे दहा हजारांच्या मुसलमान वस्तीपैकी समितीला तिथे जेमतेम तीन हजार दिसले. हजारावर मेले होते, बाकीचे पळाले होते. काही ठिकाणी गणवेशातले लोकही लुटीत आणि खुनात सामील झाले, असेही अहवालात आहे. पटेलांना तो मान्य झाला नाही आणि तो कपाटात गेला. तो दिल्लीच्या ग्रंथालयात वाचायला मोकळा झाला असल्याची बातमी पसरली तेव्हा २०१३ साल उजाडले होते. आकडा फुगवलेला आहे असे म्हणणारे अभ्यासक आहेत. असेल. चाळीसाचे सत्तावीस करा, सत्तावीसाचे दहा करा. दहा हजार माणसे शिरस्त्याच्या भाषणातून वगळण्याइतकी थोडी कधीपासून झाली?

यात जनरलसाहेब कुठे बसतात? इथे मला त्यांच्या टाळीबाजांशी आणि त्यांच्या निंदकांशी एकदमच भांडायचे आहे. निंदक म्हणतात, हे सगळे त्यांनी घडवून आणले. याला आधार नाही. उलट ज्या समितीने हे भयंकर आकडे लिहिले तिनेच चौधरींविषयी चांगले लिहून ठेवले आहे: जातीय द्वेषाचा लवलेश नसलेला, कडक शिस्तीचा, सभ्य मनुष्य, अशा अर्थाचे. टाळीबाज म्हणतात, त्यांचे राज्य म्हणजे रामराज्य. तेही खोटे. ते संस्थानचे मिलिटरी गव्हर्नर होते. वर दिल्ली आणि खाली तेच. संस्थानात माणसे मरत होती ती त्यांच्या अमलाखाली, आणि अमलाची जबाबदारी अंमलदाराच्या सभ्यतेने फिटत नाही. पाच दिवसांत मुलूख घेणाऱ्या फौजेला त्याच मुलखातली कत्तल वीस दिवस थांबवता आली नाही, हे वाक्य त्यांच्या चरित्रात असायलाच हवे.

परंतु सगळे पाप त्यांच्या पदरात टाकून आम्ही मोकळे होऊ पाहत असू, तर तेही मी होऊ देणार नाही. तलवारी, कुऱ्हाडी घेऊन जे गेले ते बंगालहून आलेले नव्हते. ते गावचे होते. ज्यांच्या घरात शिरले त्यांना नावाने ओळखत होते.

आमच्या घरात तांब्याचा एक मोठा हंडा आहे. लग्नकार्यात पाणी तापवायला तो निघतो. त्याच्या काठावर उर्दू अक्षरे कोरलेली आहेत. त्या काळी भांड्यावर मालकाचे नाव घालण्याची चाल होती, आणि आमच्या घरात कुणाचेही नाव उर्दूत लिहिण्याजोगे नव्हते. लहानपणी मी आजीला विचारले. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "ते व्हय, पोलीस ॲक्शनमधलं हाय ते." बस्स. जसे बाजारातले, जत्रेतले, तसे पोलीस ॲक्शनमधले. माझे आजोबा कुणाला मारायला गेले होते असे मला वाटत नाही. ते फार भित्रे होते. पण हंडा घरी आला आणि कुणी परत नेऊन दिला नाही. द्यायला तो मालक तरी होता की नाही, कोण जाणे. मी चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत दुष्काळ आला, सावकार आला, गोदावरीचा पूर आला. हा हंडा मात्र एकीतही आला नाही. कोरलेली अक्षरे मी अजून कुणाकडून वाचून घेतलेली नाहीत. वाचून घेतली तर त्याला नाव येईल.

सणाच्या दिवशी हे कशाला, असे त्या गृहस्थांनी विचारले होते. सणाच्या दिवशीच हा हंडा बाहेर निघतो, म्हणून.

अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि तीही आम्ही सांगत नाही. काही हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले, याची नोंद त्याच तिघांनी केली आहे. ज्यांनी वाचवले त्यांचीही नावे आमच्या फलकांवर नाहीत. फलक लावायचा तर आधी कुणापासून वाचवले ते सांगावे लागेल.

जनरलसाहेबांचे खरे काम पाहायचे असेल तर ते पाच दिवसांत नाही, त्यानंतरच्या पंधरा महिन्यांत आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा उच्चार आमच्या भाषणांत कधीच होत नाही. १५ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांच्या राजवटीने संस्थानातल्या जहागिरी रद्द करण्याचा कायदा जारी केला. त्याच वर्षी निजामाची खासगी मालकीची सर्फेखास जमीन सरकारात आली. संस्थानातली जवळजवळ एक तृतीयांश जमीन जहागिरींखाली होती. तिथला कुणबी दिवाणी कायद्याला पारखा होता. जहागीरदार म्हणेल ती पट्टी, तो म्हणेल ती वेठ. ही पिढ्यान्‌पिढ्यांची जखडण एका फर्मानाने सुटली. फर्मान काढणारा गृहस्थ स्वतः जमीनदाराच्या घरातला होता, हे विशेष. ते सारे त्यांनी एकट्याने ठरवले नाही, त्यामागे दिल्ली होती, हे खरे. जहागीरदारांना नुकसानभरपाई मिळाली हेही खरे. आणि तिकडे तेलंगणात जमिनीसाठीच लढणाऱ्या शेतकऱ्यांवर याच राजवटीने बंदुका रोखल्या, हेही विसरू नये. ज्या स्टेट काँग्रेसने लढा दिला तिच्या हाती लगेच राज्य आले नाही. लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ पाहायला १९५२ साल उजाडावे लागले. तरी पण माझ्या विद्यार्थ्यांतल्या किती जणांच्या सातबाऱ्याचा उगम त्या १९४९ च्या कायद्यात आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. रणगाड्याचे चित्र काढता येते. जहागीर रद्द झाल्याचे चित्र कसे काढणार?

१९४९ च्या अखेरीस चौधरी हैदराबादेतून गेले. मराठी मुलखाशी त्यांची गाठ पुन्हा पडली ती १९६१ च्या डिसेंबरात. पुण्याला दक्षिण विभागाचे प्रमुख या नात्याने गोव्याच्या मोहिमेची सूत्रे त्यांच्याकडे होती. प्रत्यक्ष आत शिरले ते कँडेथ यांचे सतरावे डिव्हिजन. तिथेही साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत आटोपली, आणि तिथेही आधी लाठ्या-गोळ्या खाल्लेले सत्याग्रही मागे पडून रणगाडे पुढे आले. मग १९६२. चीनपुढे सैन्याची दाणादाण उडाली, सरसेनापती थापर बाजूला झाले आणि २० नोव्हेंबरला चौधरी त्यांच्या जागी आले. त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाण मुंबईहून जाऊन संरक्षणमंत्री झाले. कऱ्हाडजवळच्या देवराष्ट्र्याच्या शेतकऱ्याचा मुलगा मंत्री आणि सँडहर्स्टचा जमीनदारपुत्र सेनापती. खचलेले सैन्य तीन वर्षांत पुन्हा उभे राहिले, यात त्या दोघांचाही वाटा मोठा आहे, आणि तो मी आखडत्या हाताने देत नाही.

मात्र १९६५ साली परीक्षा झाली ती खऱ्या शत्रूशी. समोर निजामाची मोडकी फौज नव्हती. पॅटन रणगाडे होते. त्या तीन आठवड्यांत चव्हाण रोजनिशी लिहीत होते. त्यांचे सचिव राम प्रधान यांनी तिच्या आधारे २००७ साली पुस्तक काढले. त्यात दिसणारे चौधरी आमच्या भाषणातल्या चौधरींहून निराळे आहेत. बातमी वाईट आली की खचणारे, आणि मंत्र्याने धीर देऊन आघाडीवर पाठवावे लागणारे. पश्चिम विभागाचे सेनानी हरबक्षसिंग यांनी तर लिहून ठेवले आहे की पंजाबात फौज बियास नदीमागे घ्यावी असे चौधरींनी सुचवले आणि आपण ते मानले नाही. युद्धबंदीच्या वेळी दारूगोळा बहुतेक संपला आहे असा सल्ला त्यांनी शास्त्रीजींना दिला आणि नंतर मोजले तेव्हा बराच शिल्लक निघाला, असेही प्रधानांच्या पुस्तकात आहे. हे सगळे त्यांच्या विरोधातल्या किंवा दुसऱ्या बाजूच्या माणसांचे लिखाण आहे आणि त्यांनाही त्यांची बाजू होती. १९७८ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले, १९८३ साली ते वारले. मी निवाडा देत नाही. माझे म्हणणे एवढेच की हा हाडामांसाचा मनुष्य आहे. त्याने काही चांगले केले, काही जमले नाही, काही वेळा तो डगमगला. असा मनुष्य आमच्या मुलांना दाखवायला आम्ही का भितो? डगमगलेल्या जनरलने देशाचे काही वाकडे झाले नाही. रणगाड्यावरच्या पुतळ्याने मात्र आमचे बरेच झाले आहे.

पलीकडे, धर्माबादहून एका स्टेशनावर असलेल्या बासरला आता तेलंगण लागते. १९५६ पूर्वी तो मुधोळ तालुका आमच्याच नांदेड जिल्ह्यात होता. तिथे या दिवसाला काय म्हणायचे यावरूनच गोंधळ आहे. २०२२ साली राज्य सरकारने 'एकात्मता दिन' म्हटले, केंद्राने 'मुक्ती दिन' म्हटले. २०२४ साली तिथल्या नव्या सरकारने 'प्रजापालन दिन' म्हटले. आम्ही मराठवाड्यातले त्यांना हसतो. हसण्यात अर्थ नाही. त्यांना निदान नावाबद्दल प्रश्न तरी पडला आहे.

यंदाच्या भाषणानंतर मी वर्गात गेलो. तो मुलगा आता सातवीत आहे. दोन वर्षांची उधारी फेडायची म्हणून मी दोन नावे फळ्यावर लिहिली. पहिले शोएबुल्ला खान. हैदराबादचा उर्दू संपादक, 'इमरोज'चा. रझाकारांविरुद्ध लिहितो म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्याला रस्त्यात गाठून मारले. दुसरे नाव अर्देशीर तारापोर. पारशी, पुण्यात शिकलेला; पण निजामाच्या लष्करात अधिकारी. १९४८ च्या त्या सप्टेंबरात, जनरल चौधरींचे रणगाडे येत होते तेव्हा, तो निजामाच्या नोकरीत होता. संस्थानची फौज विसर्जित झाल्यावर तो भारतीय सैन्यात, पूना हॉर्समध्ये आला. १९६५ साली सियालकोटच्या आघाडीवर त्याच पहिल्या चिलखती डिव्हिजनमध्ये, चौधरी सरसेनापती असताना, तो जखमी होऊनही मागे हटला नाही आणि १६ सप्टेंबरला मारला गेला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. उद्याच्या सतरा तारखेच्या आदला दिवस, असे मी पोरांना सांगितले. तारखा अशा सांगितल्या की त्यांच्या ध्यानात राहतात.

पोरे गप्प होती. मग तो मुलगा बसल्या जागेवरून, जरा खुशीतच, म्हणाला, "म्हणजे गुरुजी, पहिले ते आमच्याकडून होते!"

त्याचे वडील मिरचीच्या आडतीवर हमाली करतात. त्याच्या पणज्याने निजामाची चाकरी केल्याचेही कुणाला ठाऊक नाही. त्या लोकांकडे तेव्हा काय होते आणि त्यातले काय उरले, हेही मला ठाऊक नाही. तरी हा बारा वर्षांचा मुलगा 'आमच्याकडून' म्हणाला ते निजामाच्या फौजेला. दर सतरा तारखेला वीस वर्षे ज्या व्यासपीठावरून मी बोललो तिथून त्याला बसायला एवढीच एक जागा दिसली होती. मी फळ्याकडे तोंड फिरवले आणि अक्षरे पुसू लागलो. मागून दुसऱ्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, पुसू नका ना, उतरून घ्यायचंय." मी ओले फडके खाली ठेवले.